चाकू लागण्याआधीचं पान

दादर स्टेशनबाहेर पश्चिमेला पहाटे पालेभाजीचे ढीग लागतात, तेव्हा कोथिंबिरीच्या जुड्या ताठ असतात. नाशिककडून रात्रभर ट्रकमध्ये, ओल्या गोणपाटाखाली आलेल्या. मावशी थोड्या थोड्या वेळाने त्यांच्यावर पाणी मारत राहतात. संध्याकाळी ऑफिसातून परतणारी बाई त्याच ढिगातली उरलेली जुडी उचलते तेव्हा काड्यांची टोकं तपकिरी झालेली असतात आणि आतली पानं एकमेकांना चिकटून बुळबुळीत. सुकली, असं आपण म्हणतो. पण दिवसभर पाणी मारलेली भाजी नुसत्या पाण्याच्या कमतरतेने अशी होत नाही. पाणी ज्या पिशवीत धरलेलं होतं ती पिशवीच आतून सुटत गेलेली असते.

ती पिशवी म्हणजे पेशीपटल. जाडी साधारण ८ नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीचा काही हजारावा भाग. फॉस्फोलिपिडांचे दोन थर शेपट्या आत आणि डोकी बाहेर करून उभे असतात आणि त्यांच्यात प्रथिनं रुतलेली असतात. शाळेत हे पटल आपण भिंत म्हणून शिकलो: आत काय सोडायचं, बाहेर काय ठेवायचं ते ठरवणारी. ते खरंच आहे. पण वनस्पतीने याच भिंतीच्या विटांत निरोपही दडवून ठेवले आहेत. एखाद्या रेणूचं डोकं छाटलं की उरलेला तुकडा म्हणजेच बातमी. वेगळा कागद नको, वेगळी शाई नको. छाटणारी कात्री म्हणजे फॉस्फोलायपेज डी हे विकर (एन्झाइम). पेशीपटलातल्या विकरांत सगळ्यात जास्त लक्ष द्यावं असं मला हेच वाटतं, कारण एकच काप थोडा आणि वेळेवर पडला तर झाड वाचतं, आणि आवरला नाही तर जुडीचा चिखल होतो.

काप कुठे पडतो ते जरा जवळून बघू. पानातलं एक नेहमीचं फॉस्फोलिपिड म्हणजे फॉस्फॅटिडिलकोलिन, आपण ज्याला लेसिथिन म्हणतो त्यातला मुख्य घटक. ग्लिसरॉलचा कणा, त्याला दोन मेदाम्लांच्या शेपट्या, तिसऱ्या हाताला फॉस्फेट आणि फॉस्फेटच्या टोकाला कोलिन. विकर फॉस्फेट आणि कोलिन यांच्यामधला सांधा तोडतं. कोलिन पाण्यात निघून जातं आणि पटलात उरतं फॉस्फॅटिडिक आम्ल. डोकं लहान, शेपट्या तशाच, म्हणून त्याचा आकार शंकूसारखा होतो आणि त्या जागी पटल थोडं वाकायला बघतं. शिवाय उघड्या पडलेल्या फॉस्फेटवर ऋण प्रभार असतो. लायसिन आणि आर्जिनिन ही धन प्रभाराची अमिनो आम्लं ज्या प्रथिनांच्या पृष्ठभागावर असतात, ती प्रथिनं इथे येऊन चिकटतात. त्यांनी फॉस्फेटशी हायड्रोजन बंध बांधला की फॉस्फेटचा आणखी एक प्रोटॉन सुटतो, ऋण प्रभार वाढतो आणि पकड घट्ट होते. आलेल्या पाहुण्यामुळेच दार जास्त उघडावं तसं हे आहे, आणि मला या सगळ्या रसायनातलं सर्वांत देखणं कलम हेच वाटतं.

हे विकर सापडलं तेही भाजीतच. १९४७ साली कॅलिफोर्नियात हानाहान आणि चायकॉफ यांनी गाजरात ते नोंदवलं आणि पुढच्याच वर्षी कोबीच्या पानांत. प्राण्यांच्या पेशींत त्याचं महत्त्व कळायला त्यानंतर बरीच वर्षं लागली. अशा अनेक गोष्टी आधी उंदरात किंवा डुकराच्या यकृतात सापडतात आणि मग झाडात. इथे वाट उलटी होती. १९९४ मध्ये त्याच्या जनुकाची पहिली प्रतही एरंडाच्या बियांतून मिळाली. आजही प्रयोगशाळेसाठी विकत मिळणारं हे विकर अनेकदा कोबी नाहीतर शेंगदाण्यातून काढलेलं असतं.

कोबीतून ते काढण्याची जुनी रीत साधी आहे. आतली फिकट पानं घ्यायची, बाहेरची जून हिरवी नकोत. थंड पाण्यात वाटून फडक्यातून रस गाळायचा. रस ५५ अंश सेल्सिअसला ५ मिनिटं ठेवून लगेच बर्फात घालायचा. एवढ्या उष्णतेत बरीचशी इतर प्रथिनं गोठून खाली बसतात आणि हे विकर मात्र तग धरतं. सेंट्रिफ्यूज करून वरच्या निवळीत तिच्या दुप्पट आकारमानाचं गार ॲसिटोन घातलं की ते साक्यासारखं खाली बसतं. मग ते काप देतं का हे बघायला पीएच ५.६ चं ॲसिटेट बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण), अंड्याच्या बलकातलं लेसिथिन, भरपूर कॅल्शियम क्लोराइड आणि थोडं ईथर. ईथर नसेल तर लेसिथिनचे थर एकमेकांना बिलगून राहतात आणि विकराला सांधा सापडत नाही. कॅल्शियम नसेल तर काहीच होत नाही. ५५ अंशांना न मरणारं विकर, ही गोष्ट पुढे लागणार आहे.

कॅल्शियमचीच गोष्ट आधी. जिवंत पेशीच्या द्रवात मोकळं कॅल्शियम फारच कमी असतं, साधारण ०.१ मायक्रोमोलर. पेशीभित्तिकेत आणि मधल्या मोठ्या रिक्तिकेत ते त्याच्या हजारो पट असतं. विकराच्या एका टोकाला कॅल्शियम ओळखणारा भाग असतो. एरवी बरंचसं विकर द्रवात तरंगत असतं. कॅल्शियम वाढलं की ते पटलाकडे धाव घेतं. एरंडाच्या पानाला जखम केल्यावर हे नेमकं असंच घडतं, हे १९९६ मध्ये दाखवलं गेलं: विकर नव्याने तयार होत नाही, आधीपासून असलेलंच द्रवातून पटलावर जातं. म्हणून वेळ लागत नाही. तुम्ही विळीवर जुडी धरली, काप दिला, रिक्तिका फुटल्या, कॅल्शियम मोकळं झालं आणि दुसरी काडी कापेपर्यंत पहिल्या काडीत डोकी छाटायला सुरुवात झालेली असते.

आता त्याच कापाची दुसरी बाजू, जी खिडकीच्या ग्रिलमधल्या कुंडीत चालू असते. मे महिन्यात दोन दिवस पाणी घालायचं राहिलं तर तुळशीची पानं खाली झुकतात. पण झुकण्याच्या बरंच आधी झाडाने दारं लावून घेतलेली असतात. पानाच्या प्रत्येक पर्णरंध्राला दोन रक्षक पेशी असतात. त्या फुगल्या की रंध्र उघडं, सैल पडल्या की बंद. पाणी कमी पडलं की ॲब्सिसिक आम्ल हे संप्रेरक वाढतं आणि रक्षक पेशीत फॉस्फोलायपेज डी जागं होतं. ॲराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या रोपात या विकराची १२ जनुकं आहेत, आणि हे काम त्यांतल्या अल्फा-१ कडे आहे. त्याने पटलात फॉस्फॅटिडिक आम्ल केलं की एबीआय-१ नावाचं प्रथिन तिथे येऊन अडकतं. एबीआय-१ चं रोजचं काम दारं उघडी ठेवणं, म्हणजे ॲब्सिसिक आम्लाचा निरोप दाबून ठेवणं. ते पटलाला खिळलं की केंद्रकाकडे जाऊ शकत नाही आणि त्याची कामगिरीही मंदावते. म्हणजे निरोप पुढे नेण्याची ही रीत अशी, की निरोप अडवणाऱ्यालाच दारात बसवून ठेवायचं. २००४ मध्ये हे उलगडलं. त्याच फॉस्फॅटिडिक आम्लाला आणखी एक विकर चिकटतं, जे ऑक्सिजनपासून हायड्रोजन पेरॉक्साइडकडे जाणारे कण तयार करतं. मग आयनांच्या वाहिन्या उघडतात, पोटॅशियम आणि क्लोराइड बाहेर पडतात, त्यांच्यामागे पाणी जातं, रक्षक पेशी सैल होतात, रंध्र मिटतं. अल्फा-१ नसलेलं रोप ॲब्सिसिक आम्ल दिलं तरी दारं नीट लावत नाही आणि लवकर वाळतं.

त्याच रोपाची गंमत अशी, की अल्फा-१ कमी केलेलं पान तोडून ॲब्सिसिक आम्लात किंवा इथिलीन या फळं पिकवणाऱ्या वायूत ठेवलं तर ते नेहमीच्या पानापेक्षा उशिरा पिवळं पडतं. मुळावर असताना ज्याची उणीव मारते, तोडल्यावर त्याचीच उणीव तारते. निरोगी पानाच्या फॉस्फोलिपिडांत फॉस्फॅटिडिक आम्ल जेमतेम एखाद-दोन टक्के असतं. तेवढ्या टक्क्यांतली चढउतार म्हणजे निरोप. पंधरा-वीस टक्के झालं तर ते पटल उसवायला लागलेलं आहे.

फॉस्फॅटिडिक आम्लाकडे जायची दुसरी वाटही आहे. फॉस्फोलायपेज सी नावाचं विकर इनॉसिटॉलवाल्या दुर्मिळ फॉस्फोलिपिडांचं डोकं फॉस्फेटसकट तोडतं आणि मागे डायॲसिलग्लिसरॉल ठेवतं. प्राण्यांत या कापाचे दोन्ही तुकडे प्रसिद्ध निरोपे आहेत. बहुतेक वनस्पतींकडे ते निरोप ऐकणारी प्राण्यांसारखी यंत्रणा सापडत नाही. त्या डायॲसिलग्लिसरॉलला लगेच दुसऱ्या विकराकरवी फॉस्फेट जोडून घेतात, आणि हाती पुन्हा फॉस्फॅटिडिक आम्लच येतं. मग निरोप थांबवायचा कसा? आणखी एक फॉस्फेट जोडून. हे काम करणारं विकर १९९३ मध्ये प्रथम सापडलं ते सदाफुलीच्या पेशींत. मुंबईत चाळीच्या कठड्यापासून रेल्वेच्या रुळांशेजारच्या खडीपर्यंत जिथे तिथे उगवणारी, कोणी मुद्दाम पाणी न घातलेली तीच सदाफुली.

थोडं तेलाबद्दल, कारण हे विकर रोज आपल्या कढईपर्यंत येतं. सोयाबीनच्या कच्च्या तेलात फॉस्फोलिपिडं असतात, त्यांना कारखान्यात गोंद म्हणतात. तेल ६० ते ७० अंशांवर ठेवून १ ते ३ टक्के पाणी घातलं की गोंद फुगतो, जड होतो आणि सेंट्रिफ्यूजमध्ये वेगळा पडतो. पण दाणा ओलसर साठवला असेल, फुटला असेल किंवा तेल काढण्याआधी चेपून त्याचे पोहे करताना दमट गरमीत रेंगाळला असेल, तर फॉस्फोलायपेज डीला मोकळं रान मिळतं. त्याने केलेलं फॉस्फॅटिडिक आम्ल कॅल्शियम आणि मॅग्नेशियमला धरून बसतं, आणि तो क्षार पाण्याला बधत नाही. मग फॉस्फोरिक किंवा सायट्रिक आम्ल घालून धातू सोडवून घ्यावा लागतो. हा गोंद तेलात राहिला तर तेल तापवल्यावर काळवंडतं आणि फेस धरतं. उपाय काढणीनंतरच्या पहिल्या टप्प्यांतच आहे: दाणा कोरडा ठेवायचा आणि पोहे ५०-६० अंशांत रेंगाळू न देता झटकन १०० अंशांपर्यंत न्यायचे. कोबीचा रस आठवा. कोमट उष्णता या विकराला मारत नाही, उलट कामाला लावते. १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झालेल्या माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत तेलांचा वेगळा विभाग आहे. फॉस्फॅटाइड, म्हणजे फॉस्फोलिपिडाचंच दुसरं नाव, हा शब्द तिथे शिकणाऱ्याला वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यापेक्षा जास्त ओळखीचा असतो. या दोन वर्गांनी एकमेकांची वही बघायला हवी असं मला मनापासून वाटतं.

आंब्याच्या बाबतीत हीच कात्री बोथट करायचा प्रयत्न झाला आहे. हेक्झानाल नावाचा सहा कार्बनचा रेणू फॉस्फोलायपेज डीला आवरतो, यावर कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठात काम झालं आणि पुढे कोइमतूरच्या तामिळनाडू कृषी विद्यापीठाबरोबर ते आंब्यावर आजमावलं गेलं. काढणीआधी झाडावर फवारणी, नाहीतर काढलेली फळं पातळ द्रावणात बुडवणं. फळ उशिरा मऊ पडतं. हेक्झानाल म्हणजे परकं काही नव्हे. गवत कापल्यावर जो हिरवा वास येतो त्यात तो आणि त्याचे भाऊबंद असतात, आणि ते तयार होतात पटलातल्याच मेदाम्लांच्या शेपट्या तुटून.

हे सगळं मोजायचं कसं, हा खरा कस. निरोप ऐकायला पान हातात घ्यावं लागतं, आणि पान तोडलं, कुटलं की त्याच क्षणी विकर चवताळतं. म्हणजे तुम्ही मोजता ते दुष्काळाचं उत्तर नसून तुमच्या खलबत्त्याचं उत्तर असतं. अनेक जुन्या मापांत फॉस्फॅटिडिक आम्ल भरमसाट दिसतं ते यामुळेच. मेद काढायच्या दोन नावाजलेल्या पद्धतींपैकी १९५७ ची फोल्चची मेंदूसाठी बसवलेली आणि १९५९ ची ब्लाय आणि डायर यांची माशांसाठी. बोंबील किंवा सुरमईच्या मांसाला ती उत्तम. पानाला ती जशीच्या तशी लावली की फसगत ठरलेली.

दुसरी फसगत मेथॅनॉलची. या विकराला पाण्याऐवजी साधा प्राथमिक अल्कोहोल मिळाला तर ते कोलिनच्या जागी तोच जोडून टाकतं. गार मेथॅनॉलमध्ये पान टाकलंत तर विकर मरेपर्यंत फॉस्फॅटिडिलमेथॅनॉल तयार होतं, जे जिवंत पानात नसतंच. हीच खोड कामाचीही आहे. रोपाला अर्धा टक्का १-ब्युटॅनॉल दिलं आणि फॉस्फॅटिडिलब्युटॅनॉल वाढलेलं दिसलं, तर ते फॉस्फोलायपेज डीनेच केलं, सीने नव्हे, असं म्हणता येतं. शेजारी तृतीयक ब्युटॅनॉलची कुंडी ठेवायचीच, कारण विकर ते उचलत नाही. १-ब्युटॅनॉल पेशीतल्या सूक्ष्मनलिकाही विस्कटतं, त्यामुळे नुसतं ब्युटॅनॉल देऊन झाड कसं वागलं यावरून निष्कर्ष काढणं मला पटत नाही. ब्युटॅनॉलचा उपयोग मोजण्यापुरता.

म्हणून आयसोप्रोपॅनॉल. ते द्वितीयक असल्यामुळे विकराच्या हाती लागत नाही. काचेच्या नळीत ३ मि.ली. आयसोप्रोपॅनॉल, त्यात ०.०१ टक्का बीएचटी, म्हणजे शेपट्या हवेने खवट होऊ नयेत. नळी आधीच ७५ अंशांवर तापलेली हवी. पान तोडायचं आणि काही सेकंदांत बुडवायचं. वजन करायचं नाही, पुसायचं नाही, धुवायचं नाही. रोप नळीपाशी आणायचं, नळी रोपापाशी नेऊन गार करायची नाही. १५ मिनिटं. आयसोप्रोपॅनॉल ८२ अंशांना उकळतं, म्हणून झाकण घट्ट केलं तर उडतं आणि सोडून दिलं तर द्रव आटतो. सैल ठेवायचं आणि लक्ष ठेवायचं. झाकणाचं अस्तर टेफ्लॉनचं हवं. पुढे क्लोरोफॉर्म येणार आहे, ते प्लास्टिक विरघळवून तुमच्या मापात आणून सोडतं. हे सगळं हवा खेचणाऱ्या कपाटातच.

थंड झाल्यावर १.५ मि.ली. क्लोरोफॉर्म आणि ०.६ मि.ली. पाणी, तासभर हलवत ठेवायचं, अर्क वेगळा काढायचा. मग क्लोरोफॉर्म आणि मेथॅनॉलचं दोनास एक मिश्रण ४ मि.ली., अर्धा तास. विकर मेल्यामुळे आता मेथॅनॉल निर्धोक आहे. पान पांढरं होईपर्यंत हे पुन्हा पुन्हा. सगळे अर्क एकत्र करून १ मोलर पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणाने आणि मग पाण्याने धुवायचे, वरचा थर टाकून द्यायचा.

रेणू वस्तुमानावरून ओळखणारा मास स्पेक्ट्रोमीटर नसेल तर सिलिकाची टीएलसी प्लेट चालते; तिच्यावर द्रावक वर चढताना वेगवेगळे रेणू वेगवेगळ्या उंचीवर ठिपक्यांसारखे थांबतात. मुंबईच्या जुलैत मात्र ती फितूर होते. ११० अंशांवर तापवून कोरडी केलेली प्लेट बाहेर काढली की हवेतला ओलावा ओढायला लागते, आणि ठिपके लावेपर्यंत तिची धार गेलेली असते. मग फॉस्फॅटिडिक आम्लाचा ठिपका शेजाऱ्यात मिसळून लांब शेपूट काढतो. ठिपके भराभर लावायचे, डेसिकेटर (ओलावा शोषणारं बंद भांडं) हाताशी ठेवायचा आणि दर प्लेटवर ओळखीच्या फॉस्फॅटिडिक आम्लाची एक रांग चालवायची, कारण पावसाळ्यात ठिपक्याची कालची उंची आजच्या प्लेटवर धरता येत नाही. न छेडलेल्या पानातच फॉस्फॅटिडिक आम्ल पाच-सात टक्के दिसलं तर आकड्यांवर विचार करत बसू नये. बुडवायला उशीर झाला किंवा आयसोप्रोपॅनॉल गार होतं. नमुना टाकून नवं पान घ्यावं.

नळीत शेवटी उरतं ते पान बघण्यासारखं असतं. कडा, शिरा, देठ सगळं जागेवर, फक्त कागदासारखं पांढरं. भित्तिका तशाच उभ्या आहेत, पटलातलं मेद सगळं अर्कात उतरलेलं. चिमट्याने ते अलगद उचलून १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये रात्रभर ठेवायचं आणि सकाळी मिलिग्रॅमच्या काट्यावर तोलायचं. मघाशी तोडताना जे वजन करायचं टाळलं ते आता करायचं, आणि प्रत्येक रेणूचा आकडा त्या कोरड्या वजनाने भागून वहीत लिहायचा.